कोंबडी-वडे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गटारी जवळ आली की आणि गौरी-गणपतीचे दिवस उलटले की कोंबडी-वड्यांबद्दलचे प्रश्न हमखास येतात. कृती बहुतेकांकडे असते, अडतं ते हातात पीठ घेतल्यावर. वडा फुगत नाही, वाटप (भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचं वाटण) कडू होतं, परदेशात ओला नारळ मिळत नाही. नेहमी येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. प्रमाणं मालवण-कुडाळकडच्या घरगुती पद्धतीची आहेत. रत्नागिरीत, रायगडात किंवा गोव्यात थोडा फरक पडतो आणि त्यात चूक काही नाही. एक आग्रह मात्र धरा: वडे आणि रस्सा एकमेकांसाठी करायचे असतात. रस्सा वड्यात मुरेल इतका पातळ हवा आणि वडा रश्शात बुडवल्यावर हातात तुटून येता कामा नये.

मापं: वाटी म्हणजे साधारण २०० मिली, चमचा म्हणजे चहाचा.

१. पहिल्यांदाच करतेय. ताटात काय काय लागतं आणि सुरुवात कशापासून करू?

तिखट रस्सा, गरम वडे, सोलकढी, कांदा-लिंबू आणि शेवटी रश्शाबरोबर खायला थोडा भात. एवढंच.

सुरुवात पिठापासून करा, कोंबडीपासून नाही. बहुतेकांचा गोंधळ इथेच होतो. रस्सा तयार होतो आणि मग घाईघाईने पीठ भिजवलं जातं. दुपारी एकला जेवायचं असेल तर सकाळी नऊला पीठ भिजवून झाकून ठेवा. मग कोंबडीला मीठ-हळद आणि हिरवं वाटण (प्रश्न १४) लावा. त्यानंतर वाटप भाजायला घ्या, रस्सा करा आणि तो मुरत ठेवून सोलकढी उरका. वडे अगदी शेवटी, पानं मांडल्यावर. वडे तळणाऱ्याला गरम वडा कोण वाढणार हेही आधीच ठरवा. एकाने थापायचे, दुसऱ्याने तळायचे, हीच खरी सोय.

२. आठ माणसं आहेत. कोंबडी किती, पीठ किती?

हाडासकट एक किलो कोंबडी चार-पाच जणांना पुरते. आठ जणांना पावणेदोन ते दोन किलो घ्या. वडे माणशी पाच-सहा धरा. अर्धा किलो पिठाचे तळहाताएवढे साधारण पंचवीस वडे होतात, म्हणजे आठ जणांना एक किलो पीठ. रस्सा हात राखून करू नका. वड्यांबरोबर फोडींपेक्षा रस्साच जास्त संपतो.

३. वड्याच्या पिठाचं नेमकं प्रमाण सांगा ना. प्रत्येक जण वेगळं सांगतो.

वेगळं सांगतात कारण प्रत्येक घराचं वेगळं असतंच. हे प्रमाण बिनघोर वापरा: जाडा तांदूळ १ किलो, उडीद डाळ २५० ग्रॅम, चणा डाळ १२५ ग्रॅम, गहू १०० ग्रॅम, धणे ५० ग्रॅम, मेथी दोन चमचे, जिरे आणि बडीशेप तीन-तीन चमचे. काही घरांत गव्हाऐवजी किंवा गव्हाबरोबर ज्वारी घालतात.

प्रत्येक जिन्नसाचं काम कळलं की प्रमाण पाठ करावं लागत नाही. तांदळाने वडा कुरकुरीत होतो, पण तांदळाच्या पिठाला स्वतःचा चिवटपणा नसतो. तो चिकटपणा उडीद देतो आणि वडा आतून मऊ राहतो तोही उडदामुळेच. चणा डाळीने खमंगपणा आणि रंग येतो. गव्हामुळे थापताना कडा फाटत नाहीत. मेथी भिजली की बुळबुळीत होते, तिनेही पीठ बांधून येतं. मात्र ती वाढवलीत तर वडा कडू लागेल. उडीद वाढवला तर वडा मऊ होतो खरा, पण तेल धरतो. म्हणून तांदळाच्या पाव भागापेक्षा जास्त उडीद नको.

तांदूळ जाडाच घ्या. बासमती किंवा आंबेमोहोर इथे वाया जातो.

४. धान्य भाजायचं की नुसतं धुऊन वाळवायचं?

दोन्ही पद्धती चालतात. तांदूळ आणि डाळी धुऊन, निथळून, सावलीत कापडावर पसरून पूर्ण वाळवा. मग तांदूळ मंद आचेवर नुसता गरम होईपर्यंत परता, रंग बदलू देऊ नका. डाळी किंचित तांबूस, धणे-जिरे-बडीशेप वास सुटेपर्यंत. मेथी सगळ्यात शेवटी, क्षणभरच. आमच्या मते एवढं भाजणं पुरे. तांदूळ खरपूस भाजला तर पीठ बांधून येत नाही आणि वडे ठिसूळ होतात.

गिरणीत सांगताना ‘किंचित रवाळ’ असं सांगा. चिमटीत घेतल्यावर बारीक रव्यासारखं लागलं पाहिजे. अगदी मैद्यासारखं दळलं तर वडा चामट होतो आणि फार भरड दळलं तर थापताना चिरतो.

५. पीठ दळून आणलेलं नाही आणि वडे आजच करायचे आहेत. काही उपाय?

आहे. दोन वाट्या तांदळाचं पीठ, अर्धी वाटी उडदाचं पीठ, पाव वाटी बेसन, पाव वाटी कणीक, दोन चमचे भरडसर धणे पूड, एक चमचा जिरे पूड, पाव चमचा मेथी पूड, अर्धा चमचा बडीशेप पूड. उडदाचं पीठ नसेल तर उडीद डाळ तव्यावर गरम करून मिक्सरमध्ये दळून चाळून घ्या.

विकतचं तांदळाचं पीठ फार बारीक असतं, म्हणून त्यात दोन चमचे बारीक रवा घातला तर पोत सुधारतो. हे वडे चांगले होतात. दळलेल्या पिठाचा खमंगपणा थोडा कमी पडतो एवढंच.

६. थालीपिठाची भाजणी घरात आहे, तिचे वडे होतील का? आणि विकतचं वडे पीठ?

थालीपिठाच्या भाजणीचे नको. तिच्यात तांदळाबरोबर बाजरी, ज्वारी, हरभरा आणि इतर धान्यं बरीच असतात आणि ती चांगली खरपूस भाजलेली असतात. तळल्यावर ती वडी-पुरीसारखी लागते, कोंबडी-वड्यासारखी नाही. चकलीची भाजणीही नको.

विकतचं मालवणी वडे पीठ खुशाल वापरा. घेताना पाकिटावरचे घटक वाचा. तांदूळ आणि उडीद पहिल्या दोन-तीन जिनसांत हवेत. मैदा वरच्या क्रमांकावर असेल तर ते पीठ ठेवून द्या. पीठ जुनं असेल तर त्याला खवट वास येतो आणि तो तळल्यावर लपत नाही.

७. पीठ कसं भिजवायचं? गरम पाणी खरंच लागतं का?

लागतं. गव्हाची कणीक गार पाण्यातही ताणली जाते, तांदळाचं पीठ नाही. त्याचा स्टार्च गरम पाण्याने थोडा शिजला की चिकट होतो आणि मग वडा थापता येतो.

अर्धा किलो पिठात मीठ, पाव चमचा हळद आणि दोन चमचे कडकडीत तेलाचं मोहन घाला. हाताने चोळून घ्या. पाणी उकळून आच बंद करा आणि थोडं थोडं घालत कालथ्याने ढवळा. साधारण ३५० ते ४०० मिली लागेल, पण सगळं एकदम ओतू नका, कारण पिठाची तहान दरवेळी वेगळी असते. हाताला सोसेल इतकं निवलं की मळा. गोळा पुरीच्या पिठापेक्षा सैल आणि भाकरीच्या पिठापेक्षा किंचित घट्ट हवा. तेलाचा हात लावून, ओलं फडकं टाकून झाका.

उन्हाळ्यात तीन-चार तास पुरतात, थंडीत रात्रभर ठेवलं तरी चालतं. या वेळात भरड कण भिजतात आणि पीठ हलकंसं आंबतं. काही घरांत पिठाच्या मधोमध खळगा करून त्यात कांदा आणि पेटता निखारा ठेवतात, वर तेल सोडतात आणि लगेच झाकतात. पिठाला ऊब मिळते आणि धुराचा सुंदर वास लागतो. चूल असेल तर जरूर करा. नसेल तर कांदा चिरून त्याचं पाणी पिठात घातलं तरी चव येते.

८. वडे लाटायचे की थापायचे? मध्ये भोक पाडणं गरजेचं आहे का?

थापायचे. लाटण्याने कडा पातळ होतात आणि पीठ दाबलं जातं. केळीचं पान, नाहीतर दुधाची धुतलेली पिशवी कापून घ्या. तिला पाण्याचा किंवा तेलाचा हात लावा आणि लिंबाएवढा गोळा बोटांच्या पेरांनी मधून बाहेर थापत न्या. पोळीच्या दुप्पट जाडी ठेवा, कडा आणि मध्य सारखा. पान तळहातावर उलटं करून वडा अलगद सोडवा आणि कढईच्या कडेने तेलात सोडा. पाण्याचा हात लावला असेल तर वड्यावर पाण्याचे थेंब राहू देऊ नका, तेल उडतं.

भोक हा घरच्या रिवाजाचा भाग आहे. भोक असलं की मध्य नीट तळला जातो, नसलं की वडा टम्म फुगतो. आम्ही भोक पाडत नाही, कारण फुगलेल्या वड्याच्या पोटात रस्सा भरून खाता येतो.

९. माझे वडे फुगतच नाहीत. काय चुकतंय?

वडा आतल्या वाफेने फुगतो. ती वाफ पटकन तयार व्हायला तेल तापलेलं हवं आणि आत कोंडून राहायला वड्याला चीर नको. म्हणून तीन गोष्टी तपासा.

आधी तेल. पिठाचा कण टाकल्यावर तो तळाला न बसता लगेच वर आला पाहिजे. स्वयंपाकाचा तापमापक असेल तर १८० अंश सेल्सिअसच्या आसपास. मग जाडी: कुठे जाड कुठे पातळ असेल तर पातळ बाजू कडक होते आणि वाफ तिथूनच निसटते. तिसरी गोष्ट चिरा: कडेला बारीक भेगा दिसत असतील तर पीठ कोरडं आहे. पाण्याचा हात लावून पुन्हा मळा.

तेलात सोडल्यावर वडा वर आला की झाऱ्याने अलगद दाबत त्याच्यावर तेल उडवा. एकदाच उलटा. कढईत एका वेळी एक, मोठी असेल तर दोन. जास्त घातले की तेल थंड होतं आणि पुढचे सगळे वडे बसके निघतात.

१०. वडे तेलकट होतात. दुसऱ्या वेळी केले तर कडक झाले.

तेलकट होण्याची कारणं बहुधा अशी: पीठ सैल, तेल कोमट, उडीद जास्त (प्रश्न ३) किंवा पीठ प्रमाणाबाहेर आंबलेलं. आंबट वास येऊ लागला असेल तर त्यात थोडं कोरडं पीठ मिसळा आणि लगेच तळायला घ्या.

कडक होण्यामागे कमी पाणी, कमी मुरवण किंवा मंद आचेवर खूप वेळ तळणं असतं. एका वड्याला दीड-दोन मिनिटं पुरतात. तळलेले वडे एकावर एक रचून डब्यात बंद करू नका, घामेजतात. टोपलीत किंवा जाळीवर उभे ठेवा.

११. गावठीच कोंबडी हवी का? ब्रॉयलरला ती चव येत नाही म्हणतात.

गावठीचा रस्सा वेगळा लागतो हे खरं आहे. ती हिंडते-फिरते, उशिरा कापली जाते, त्यामुळे तिचं मांस घट्ट असतं आणि सांध्यांतलं, हाडांतलं सत्त्व रश्शात उतरायला वाव मिळतो. ब्रॉयलर पाच-सहा आठवड्यांतच विक्रीला येते. लवकर शिजते, पण रश्शाला फारसं काही देत नाही. गावी पाहुणा आला की तलंग शोधतात, म्हणजे अंड्यावर न आलेली तरुण कोंबडी. मांस कोवळं आणि चव गावठी.

पण शहरात ब्रॉयलर मिळते म्हणून हा बेत सोडू नका. हाडासकट घ्या, मान, पाठ आणि पंखही मागून घ्या आणि आधी ते तुकडे परता. बोनलेस आणू नका, हाडाशिवाय रश्शाला दम नाही. शिवाय मीठ-हळद-हिरवं वाटण लावून तासभर तरी ठेवा.

कच्ची कोंबडी जोराच्या नळाखाली धुऊ नका, शिंतोडे ओट्यावर आणि भांड्यांवर उडतात. पातेल्यातल्या पाण्यात धुवा, मग ओटा, सुरी आणि हात साबणाने स्वच्छ करा.

१२. मालवणी मसाला घरात नाही. गरम मसाला किंवा कांदा-लसूण मसाला चालेल का?

मालवणी मसाल्यात मिरचीबरोबर धणे आणि बडीशेप ठळक असतात. शिवाय दगडफूल, नागकेशर, जायपत्री, चक्रीफूल, मसाला वेलची, खसखस असे कितीतरी जिन्नस. बेडगी मिरची रंगाला, लवंगी किंवा संकेश्वरी तिखटाला. कांदा-लसूण मसाल्याने रस्सा चांगला होईल, पण तो घाटावरचा होईल.

अडलंच तर एक किलो कोंबडीला असं करा: बेडगी तिखट दोन चमचे, साधं तिखट अर्धा ते एक चमचा, धणे पूड दीड चमचा, बडीशेप पूड अर्धा चमचा, गरम मसाला अर्धा चमचा. दगडफुलाचा एक तुकडा मिळाला तर वाटपात भाजून घाला. मालवणी चवीच्या सगळ्यात जवळ नेणारा जिन्नस तोच आहे.

१३. वाटप कसं भाजायचं? माझं कधी कडू होतं, कधी कच्चं लागतं.

रश्शाची चव नव्वद टक्के इथे ठरते, म्हणून इथे घाई नको. एक किलो कोंबडीला: दोन मोठे कांदे उभे चिरून, अर्धी वाटी किसलेलं सुकं खोबरं, एक वाटी ओलं खोबरं, दोन चमचे धणे, एक चमचा खसखस, अर्धा चमचा बडीशेप, पाच-सहा मिरे, तीन लवंगा, दालचिनीचा बोटभर तुकडा.

सगळं एकत्र भाजायचं नाही, कारण प्रत्येकाची भाजण्याची वेळ निराळी. आधी अख्खा मसाला कोरडा, वास येईपर्यंत, आणि लगेच ताटात काढा. मग चमचाभर तेलात कांदा. तो आधी पाणी सोडेल, मग आक्रसेल, मग कडा तांबूस होतील. अख्खा कांदा वाळक्या पानाच्या रंगाचा होईपर्यंत परता. त्याला बारा-पंधरा मिनिटं लागतात आणि ती द्यायचीच. कांदा काढून त्याच कढईत मंद आचेवर ओलं खोबरं, ते गुलाबीसर झालं की सुकं. सुकं खोबरं भराभर रंग बदलतं. तुम्हाला हवा त्याच्या एक छटा आधी आच बंद करा, कारण तापल्या कढईत ते पुढेही भाजलं जातं. खसखस अगदी शेवटी.

कडूपणा येतो तो करपलेल्या सुक्या खोबऱ्याचा किंवा करपलेल्या खसखशीचा. काळे कण दिसले तर ते वाटप टाकून द्या, गूळ घालून सुधारत नाही. कच्ची चव कांद्याची असते.

पूर्ण निवल्यावर, पाणी बेताने घालून गंधासारखं बारीक वाटा. पाटा-वरवंटा असेल तर उत्तमच. मिक्सरला दोन-तीन वेळा थांबून थांबून फिरवा.

१४. आता रश्श्याची पूर्ण पद्धत सांगा.

एक किलो कोंबडीला अर्धा चमचा हळद, मीठ आणि हिरवं वाटण लावून ठेवा. हिरवं वाटण म्हणजे बोटभर आलं, दहा-बारा लसूण पाकळ्या, मूठभर कोथिंबीर, एक-दोन मिरच्या.

जाड बुडाच्या टोपात चार मोठे चमचे तेल तापवा. तमालपत्र आणि एक मोठा बारीक चिरलेला कांदा घालून तांबूस करा. आच कमी करून तीन चमचे मालवणी मसाला घाला, दहा-पंधरा सेकंदांत कोंबडी घाला, म्हणजे मसाला करपत नाही. आच वाढवून पाच-सात मिनिटं परता. फोडींचा कच्चा रंग जाऊन मसाला सगळीकडे चिकटला पाहिजे.

आता वर खोलगट ताट ठेवा आणि ताटात दोन वाट्या पाणी ओता. ही जुनी युक्ती फार कामाची आहे. ताटातल्या पाण्याने झाकण थंड राहतं, आतली वाफ त्यावर जमून पुन्हा खाली पडते आणि कोंबडी स्वतःच्या रसात शिजते. शिवाय ताटातलं पाणी गरम होतं आणि पुढे तेच रश्शात घालायचं. थंड पाणी ओतलं तर उकळी मोडते आणि तर्री विरते.

पंधरा मिनिटांनी ताटातलं पाणी रश्शात घाला, वाटप घाला, मिक्सरचं भांडं विसळून तेही पाणी घाला. रस्सा आमटीइतका पातळ ठेवा, थंड झाल्यावर खोबऱ्याने तो दाट होणारच आहे. मध्यम आचेवर दहा-बारा मिनिटं उकळू द्या. कडेला तेल सुटलं आणि मांस हाडावरून सहज निघू लागलं की झाला. मीठ आत्ता चाखा. आच बंद करून किमान पंधरा-वीस मिनिटं झाकून ठेवा.

१५. गावठी कोंबडी शिजतच नाही. कुकर लावू का?

लावा, पण वाटप घालण्याआधी. खोबऱ्याचं वाटप कुकरच्या तळाला बसून करपतं. मसाल्यात परतलेली कोंबडी आणि दोन वाट्या गरम पाणी कुकरमध्ये घालून चार-पाच शिट्ट्या करा. वाफ जिरल्यावर एक फोड दाबून पाहा, गरज वाटली तर आणखी दोन. मग टोपात काढून वाटप घाला आणि प्रश्न १४ प्रमाणे उकळा. टोपातच शिजवायची असेल तर तास-दीड तास धरा. म्हाताऱ्या कोंबडीला त्याहूनही जास्त. लिंबू, कोकम असं काही आंबट शिजण्याआधी घालू नका.

१६. रस्सा फार तिखट झाला. किंवा खारट. किंवा पातळ.

तिखटाला नारळाचं घट्ट दूध, अर्धी वाटी, शेवटी (प्रश्न १७). साखर नको. खारट झाला तर गरम पाणी वाढवा आणि त्या मानाने बिनमिठाचं वाटप. बटाट्याच्या चार मोठ्या फोडी घालून शिजवल्या तरी चालतं, मालवणी रश्शात बटाटा परका नाही. पातळ वाटत असेल तर दहा मिनिटं थांबा, खोबरं फुगू द्या. तरीही पातळ असेल तर झाकण काढून उकळा. बेसन किंवा कॉर्नफ्लॉवर लावू नका.

१७. नारळाचं दूध घातलं की रस्सा फाटतो.

नारळाच्या दुधात तेल आणि पाणी एकत्र धरलेलं असतं. जोरात उकळलं की ते सुटतं आणि चोथा वेगळा दिसतो. म्हणून कोंबडी पूर्ण शिजल्यावर, आच अगदी मंद करून दूध घाला, ढवळत राहा आणि कडेला बुडबुडे दिसू लागले की बंद करा. फाटलेला रस्सा खराब झालेला नसतो, चवीला चांगलाच लागतो. कडेला सुटलेली तर्री मात्र फाटणं नव्हे. ती हवीच.

१८. आम्ही न्यू जर्सीत राहतो. इथे ओला नारळ, गिरणी, गावठी कोंबडी काहीच नाही.

भारतीय दुकानात किसलेलं गोठवलेलं ओलं खोबरं मिळतं, ते उत्तम आहे. बाहेर काढून पूर्ण सुटं होऊ द्या, पाणी पिळून टाकू नका, भाजताना पाच मिनिटं जास्त द्या. सुक्या खोबऱ्याला डेसिकेटेड चालतं, मात्र बिनसाखरेचं. ते लगेच करपतं, म्हणून डोळ्यांत तेल घालून भाजा.

कोंबडी हलाल दुकानातून घ्या. तिथे ‘हार्ड चिकन’ किंवा ‘स्ट्यूइंग हेन’ मागा, ती गावठीच्या बरीच जवळ जाते. कुकर लागेल. पिठासाठी प्रश्न ५ पाहा. केळीची पानं गोठवलेली मिळतात, नाहीतर झिपची जाड पिशवी कापून घ्या. कॉइलच्या शेगडीवर तेलाचं तापमान हळू चढतं-उतरतं, म्हणून बिडाचं जाड भांडं वापरा, ते उष्णता धरून ठेवतं. वाटप भाजताना आणि तळताना खिडकी उघडा, एक्झॉस्ट चालू ठेवा, नाहीतर धुराचा अलार्म वाजतो.

१९. इथे अमेरिकेत ‘चिकन अँड डम्पलिंग्ज’ खाल्लं. तसे आपले वडे न तळता रश्शातच उकडता येतील का?

वड्याचं पीठ नाही चालणार, ते रश्शात विरघळून लापशी होते. तिकडच्या दक्षिणी घरांतले डम्पलिंग्ज मैद्याचे असतात. मैद्यातलं ग्लुटेन गोळा बांधून ठेवतं आणि बेकिंग पावडर तो फुगवते. दूध-लोण्यात कालवलेल्या पिठाचे गोळे मंद उकळत्या सुपावर चमच्याने सोडतात आणि झाकण न उघडता पंधराएक मिनिटं वाफवतात. दुसरी पद्धत पोळी लाटून पट्ट्या कापायची. दोन्ही सौम्य, मिरपुडीच्या सुपासाठी आहेत. आपल्या खोबऱ्याच्या रश्शात मैद्याचे गोळे जड पडतात.

पण कल्पना मुळीच वावगी नाही. केरळच्या ख्रिस्ती घरांत पिडी करतात, तांदळाचं पीठ आणि नारळाच्या छोट्या शिजवलेल्या गोळ्या, कोंबडीच्या रश्शाबरोबर खायच्या. कोडगूत तांदळाच्या कण्यांचे वाफवलेले कडंबुट्टू डुकराच्या रश्शाबरोबर असतात. तुम्हाला करायचं असेल तर मोदकासारखी उकड काढा, त्यात जिरे आणि थोडं ओलं खोबरं मळा, गोटीएवढे गोळे करून दहा मिनिटं वाफवा. मग रस्सा उकळून झाल्यावर पाच मिनिटं त्यात सोडा. तळण वर्ज्य असलेल्या माणसासाठी हा फार चांगला पर्याय आहे. घावणे किंवा आंबोळी तर आहेतच.

२०. वडे एअर फ्रायरमध्ये किंवा बेक करून?

नको. तांदळाचं पीठ कोरड्या हवेत वाळून खडखडीत होतं, फुगत नाही. तेल टाळायचं तर वरचा प्रश्न पाहा.

२१. घरात ग्लुटेन चालत नाही.

प्रश्न ३ मधला गहू काढून तेवढी ज्वारी घाला, हिंग घालत असाल तर त्याचंही पाकीट तपासा, कारण बहुतेक हिंगात गव्हाचं पीठ असतं. गिरणीत आधी गहू दळलेला असतो, म्हणून त्रास तीव्र असेल तर घरीच मिक्सरला दळा आणि चाळा. थापताना कडा फाटल्या तर पाणी जरा जास्त गरम वापरा.

२२. काय काय आदल्या दिवशी करून ठेवता येतं? आणि उरलेलं किती दिवस टिकतं?

कोरडं पीठ घट्ट डब्यात दोन-तीन महिने, पावसाळ्यात फ्रिजमध्ये. भाजलेलं वाटप वाटून फ्रीजरमध्ये दोन महिने सहज राहतं. एका किलोच्या हिशोबाने छोट्या पुड्या करा. रस्सा आदल्या रात्री केला तर दुसऱ्या दिवशी जास्त मुरलेला लागतो. मात्र खोबऱ्याचा रस्सा उकाड्यात झटकन उतरतो, दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवा आणि दोन-तीन दिवसांत संपवा. लागेल तेवढाच काढून खळखळून गरम करा.

वडे मात्र त्याच दिवशी. उरलेले दुसऱ्या दिवशी सकाळी चहाबरोबर खातात. तव्यावर झाकण ठेवून मंद गरम करा, मायक्रोवेव्हमध्ये चामट होतात.

२३. घरात शाकाहारी पाहुणेही आहेत. वड्यांबरोबर त्यांना काय?

काळ्या वाटाण्याचं सांबारं. हा काही दुय्यम पर्याय नाही, म्हाळाला (पितृपक्षात) कोकणात वडे आणि काळा वाटाणाच करतात. वाटाणे रात्रभर भिजवून कुकरला सहा-सात शिट्ट्या काढा, मूठभर वाटून रश्शात मिसळा. वाटप आणि मसाला तोच. तळणीचं तेल आणि झारा वेगळा ठेवायला विसरू नका आणि वाटप कोंबडीच्या हाताने घेऊ नका.

२४. सोलकढी फाटते, खारट होते.

आगळात (कोकमाच्या दाट रसात) आधीच मीठ असतं, म्हणून मीठ शेवटी, चाखून. एका नारळाच्या दुधाला तीन-चार चमचे आगळ, किंवा कोमट पाण्यात अर्धा तास भिजवलेली आठ-दहा कोकमं. दोन लसूण पाकळ्या आणि एक मिरची नारळाबरोबरच वाटा, गाळून घ्या, कोथिंबीर पेरा. दूध कोमट पाण्याने काढा, पण कढी गरम करू नका आणि जेवायच्या अर्धा तास आधीच आगळ घाला. फार वेळ ठेवली की फाटते. फाटली तर रवीने घुसळून वाढा.